काचेमागचं सोनं : सावंतवाडीच्या पेंटरांकडून करून घेतलेली पेढीची पाटी

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. काम अव्वल, सोनं खरं, घेतलेले पैसे रास्त. दिलेली तारीख पाळली नाही आणि एका कोपऱ्याचं काम पुन्हा करून घ्यावं लागलं. तरीही सावंतवाडीला चितारआळीच्या अंगाला बसणाऱ्या या बापलेकांकडून पाटी करून घ्या, असंच मी विचारणाऱ्याला सांगेन. त्यांचं नाव आणि नंबर इथे देत नाही. हातातली कामं उरकेपर्यंत नव्या लोकांचे फोन नकोत, असं त्यांनीच सांगितलंय. चितारआळीत जाऊन ‘काचेवर सोन्यानं लिहिणारे पेंटर’ म्हणून विचारलंत की घर सापडतं.

आमची वेंगुर्ल्याच्या बाजारात सराफी पेढी आहे. बाबांनंतर ती मी बघते. पाटी बदलायचं बरीच वर्षं मनात होतं. आजोबांच्या वेळची एनॅमलची लोखंडी पाटी होती, तिच्या स्क्रूंच्या भोकांपासून गंज पसरत गेला आणि वरचे टवके उडाले. त्यानंतर प्लायवूडवर ऑइलपेंटनं नाव लिहून घेतलं, ते पाण्यानं फुगलं. शेवटी एका साइनबोर्डवाल्याकडून ॲक्रिलिकची सोनेरी अक्षरं आतून दिवे घालून करून घेतली. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांची सोनेरी फिल्म कडेनं सुटली, दिवे एकेक करून गेले आणि ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ हे उत्तर ऐकत मी वर्ष काढलं. बाजारातल्या इतरांचं याहून वेगळं नाही. फ्लेक्स तर उन्हानं पांढरा पडतो आणि आगोटीच्या पहिल्या वाऱ्याला फाटतो.

त्यातून २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवरचं देवनागरी मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही. आमच्या पाटीवर इंग्रजी अक्षरं मोठी होती. म्हणजे बदल करणं भागच होतं, आणि करायचाच तर एकदाच आणि नीट करावा असं ठरवलं.

सोनेरी रंगाबद्दल माझं आधीपासून ठाम मत आहे. डब्यात ‘गोल्डन’ म्हणून मिळतो त्या रंगात बहुतेक वेळा तांबं आणि जस्ताची पूड असते. खाऱ्या हवेत पितळेचं जे होतं तेच त्याचंही होतं. आधी तपकिरी, मग हिरवट काळं. देवघरातली समई आपण आमसुलानं घासून पुन्हा उजळतो, पाटी कोण आणि कशी घासणार? सोन्याचा व्यवहार करणाऱ्या दुकानावर काळवंडलेलं पितळ लावून बसणं मला कधीच पटलं नव्हतं. गिऱ्हाईक आत पाऊल टाकण्याआधी पाटी वाचतं.

काचेवरच्या सोन्याची गोष्ट मला या पेंटरांच्याच एका कामामुळे कळली. सावंतवाडीत एका जुन्या वैद्यांच्या दवाखान्याच्या दारावर त्यांनी लिहिलेलं नाव पाहिलं आणि तिथेच थांबले. अक्षरांच्या कडा आरशासारख्या लखलखत होत्या आणि पोटात मंद, साखरपुड्याच्या अंगठीला असतं तसं मॅट सोनं. बोट लावून पाहिलं तर हाताला नुसती काच. अक्षरं काचेच्या पलीकडे, आतल्या अंगाला होती. पाऊस, धूळ, पुसायचं फडकं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोटं, या सगळ्यांच्या आणि सोन्याच्या मधे काच. समुद्रकाठच्या गावाला याहून योग्य पाटी असूच शकत नाही असं तेव्हाच वाटलं, आणि अजूनही तसंच वाटतं.

या बापलेकांतले वडील पूर्वी बंदरात होड्यांवर नावं घालायचे, देवळांच्या कमानी रंगवायचे. मुलानं त्यांच्याकडून अक्षर घेतलं आणि वर्खाचं काम जुन्या पद्धतीनं करणाऱ्या परदेशी कारागिरांचे व्हिडिओ बघून, हातानं करून करून शिकला. इंग्लंडमधल्या टॉर्की गावचे डेव्हिड स्मिथ यांच्या कामाबद्दल तो तासभर बोलू शकतो. गिऱ्हाइकाला ऐकायची तयारी असेल तर मुलगा सगळं समजावून सांगतो, हा या दुकानाचा मोठा गुण. मी सोन्याचं काम जन्मापासून बघत आले आहे, पण इथे जे पाहिलं ते मला नवीन होतं.

पहिल्याच भेटीत त्यानं वर्खाची पुस्तिका उघडून दाखवली. जर्मनीतल्या श्वाबाखची, त्या गावात शतकानुशतकं सोनं कुटून वर्ख करतात. पुस्तिकेत २५ पानं, प्रत्येक पान ८० मिलिमीटर चौरस, २३ कॅरट. जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास. मी मनातल्या मनात हिशेब केला : एका पानात बारा-चौदा मिलिग्रॅम सोनं, सगळ्या पुस्तिकेत मिळून अडीच-तीन गुंजा. बाबा असते तर त्यांनी गुंजेतच विचारलं असतं. मग त्यानं एक पान दिव्यासमोर धरलं आणि त्यातून हिरवट उजेड आरपार आला. आयुष्य सोन्यात गेलं, पण सोन्यातून उजेड येताना मी पहिल्यांदाच पाहिला.

खात्री करून घेतल्याशिवाय मी काम देणार नव्हते. आमच्या धंद्यात एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक (एचयूआयडी) असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. वर्खाच्या पुस्तिकेवर तसं काही नसतं, छापलेल्या ‘२३ कॅरट’वर विसंबायचं. पितळेचा वर्खही बाजारात मिळतो आणि पहिल्या दिवशी तो डोळ्याला तसाच दिसतो. मी एक पान विकत मागितलं. त्यानं आढेवेढे न घेता दिलं, वर म्हणाला, “ताईनू, तुमी बघाकच व्हया.” पेढीवर आणून ते चुरगाळलं, मोहरीएवढी गोळी झाली. कसोटीवर घासली, शेजारी आमच्या ९१६ च्या सोन्याची रेघ ओढली आणि दोन्हींवर नायट्रिकचा थेंब सोडला. पितळ असतं तर रेघ फसफसून गेली असती. दोन्ही रेघा जागच्या हलल्या नाहीत. वर्खाची रेघ आमच्या रेघेपेक्षा किंचित पिवळी होती, हजारात ९५८ भाग सोनं म्हटल्यावर असायला हवी तशी. कारागिरानं अशी परीक्षा हसत घेऊ देणं याचं मला फार मोल वाटतं.

काचेची निवडही त्यानं घाईत उरकली नाही. साध्या काचेत लोखंडाचा अंश असतो, म्हणून तिची कड हिरवी दिसते आणि मागचं सोनंही थोडं हिरवट वाटतं. एक्स्ट्रा क्लिअर काचेत हा अंश कमी असतो. दोन्हींवर एकेक पान चिकटवलेले नमुने त्यानं उन्हात नेऊन दाखवले. सोन्याचा रंग हीच ज्याची भाकरी त्याला यातला फरक लगेच कळतो, मी महागातली घेतली. रस्त्यावरची पाटी म्हणून ती टफन (तापवून कणखर) केलेली असावी असाही त्याचा आग्रह होता. एकदा टफन झाली की काच कापता येत नाही, भोकंही पाडता येत नाहीत, त्यामुळे माप आणि फिटिंगची भोकं आधीच नक्की करावी लागतात. हे आधी सांगणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आमच्या सुताराला आणि त्याला मी समोरासमोर बसवलं आणि भोकांच्या जागा कागदावर लिहून घेतल्या.

आता अक्षरं. संगणकावरचा तयार फाँट वापरायला वडिलांनी साफ नकार दिला. आमचं नाव त्यांनी बोरूच्या तिरक्या टाकानं आधी वर्तमानपत्रावर आणि मग बटरपेपरवर लिहिलं. बोरूचं जाड-बारीक हे टाकाच्या कोनावर चालतं. काचेच्या मागून लिहायचं म्हणजे सगळं आरशातलं, वेलांट्या उलट्या बाजूला, ‘श्री’ची गाठ उलटी. तिथे थेट हातानं लिहायला गेलं तर जाड-बारीकही उलटतं आणि अक्षर परकं दिसायला लागतं. म्हणून ते सरळ लिहितात, टाचणीनं रेघांवर भोकं पाडून खाका तयार करतात, मग खाका पालथा घालून काचेवर खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. आमच्या ‘सराफ’मधल्या ‘फ’चं पोट त्यांनी दोनदा बदललं. माझ्या डोळ्यांना आधीचंही चांगलं दिसत होतं, पण दुसरं पाहिल्यावर पहिलं का नको ते कळलं. शिरोरेषा एकसलग ठेवली होती आणि तिची जाडी दोन टोकांना केसभर कमी केली होती, त्यामुळे लांबून रेघ वाकलेली वाटत नाही.

वर्ख लावतात त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते, आणि हा भाग सविस्तर लिहितेय कारण पैसे कशाचे जातात ते इथेच दिसतं.

काच आधी व्हायटिंगच्या, म्हणजे बारीक खडूच्या पुडीनं, मग स्पिरिटनं, मग पुन्हा पाण्यानं पुसली. बोटाचा एक ठसा राहिला तर तिथे सोनं धरत नाही किंवा डाग दिसतो. मुलगा हे काम मान वर न करता करत होता. मी विचारलं, अजून किती? तर म्हणाला, “सोना लावूक येळ लागणा नाय, काच पुसूक लागता.” मग त्यानं मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूल गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवल्या. अर्ध्या लिटरला एक-दोन कॅप्सूल, बस. जास्त झालं तर सोन्यावर धुकं येतं, कमी झालं तर सोनं पुसताना निघून येतं. हे पाणी रोज ताजं करायचं, कालचं वापरायचं नाही. जिलेटिन म्हणजे बुरशीचं खाद्य आणि आपल्याकडची हवा ही अशी.

काच घोडीवर तिरकी उभी. “ताईनू, पंखो बंद करा, नायतर सोना उडान जातला,” असं म्हणून त्यानं खिडकीही लावून घेतली. मऊ केसांचा चपटा, रुंद ब्रश त्यानं आपल्या गालावरून एकदा फिरवला. गालाच्या कातडीचं जे नकळत तेल असतं तेवढ्यावर वर्खाचं पान ब्रशला चिकटतं, बोटात ते धरताच येत नाही. काचेवर जिलेटिनचं पाणी भरपूर सोडलं आणि पान जवळ नेलं. काचेपासून अजून अंतर असतानाच पान ब्रशवरून सुटून झेपावलं आणि पाण्यावर जाऊन बसलं. त्या क्षणी ते काही सुंदर दिसत नव्हतं. सुरकुतलेलं, निस्तेज. पुढचं पान आधीच्या कडेवर थोडं चढवून, मग त्याच्या पुढचं. अक्षराच्या आकाराची इथे कुणी पर्वा करत नाही, पट्ट्याच्या पट्टा सोन्यानं भरून काढतात. मग पाणी खाली ओघळायला लागलं आणि वरच्या पानांपासून सुरकुत्या आपोआप ताणल्या जाऊ लागल्या. मी काचेच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिले. निस्तेज पिवळा पट्टा माझ्यासमोर वरून खाली आरसा होत आला. बनावटीचं काम मी आयुष्यभर पाहिलंय, पॉलिशच्या चाकावर दागिना उजळताना रोज बघते. पण हातही न लावता, नुसतं पाणी सुकून सोनं चमकताना पाहून मी दोन मिनिटं बोलले नाही.

वाळल्यावर कापसानं हलकं पुसून, बारीक भेगा आणि भोकं राहिली होती तिथे पुन्हा दुसरा थर दिला. मग मागून कढत पाणी सोडलं, त्यानं उरलेलं जिलेटिनचं धुकं उतरतं आणि चमक आणखी उघडते. पुसताना जी सोन्याची कसपटं निघाली ती त्यानं एका बाटलीत भरून ठेवली. आमच्याकडे कारखान्यातला केर त्यातलं सोनं काढणारे झारेकरी घेऊन जायचे, त्याची आठवण झाली.

खरं लेखन यानंतर सुरू होतं. सोन्याच्या पट्ट्यावर मागून खाका छापायचा आणि जेवढं सोनं ठेवायचं तेवढ्यावरच काळा रंग भरायचा. रंग वाळला की बाहेरचं उघडं सोनं ओल्या कापसानं पुसून टाकायचं. रंगाखालचं सोनं तेवढं राहतं. आमच्या पाटीत आधी फक्त अक्षरांच्या कडा अशा चकचकीत केल्या. मग अक्षरांच्या पोटात तेलाचं साइज, म्हणजे वर्ख धरून ठेवणारा चिकट थर लावला, तो बोटाला जेमतेम ओढ देईल इतका सुकल्यावर त्यावर वर्ख टाकला. पाण्यावरचं सोनं आरसा होतं, तेलावरचं मॅट होतं. एकच सोनं, दोन अंगं. त्यामागे लाल छटा, मग काळी सावली, आणि सगळ्यात शेवटी गडद हिरवी पार्श्वभूमी. कागदावर जे सर्वांत आधी रंगवतात ते इथे सर्वांत शेवटी येतं. पुढून जे दिसणार ते आधी, त्यामुळे चूक झाली तर वरून झाकता येत नाही, मागचं सगळं काढूनच दुरुस्त करावं लागतं. वडील कोपऱ्यात बसून एवढंच म्हणाले, “घाई केल्यार काचेत दिसता.”

त्यांनी आणखी दोन प्रकार दाखवले. एक म्हणजे अक्षराच्या पोटात मोत्याच्या शिंपल्याचे पातळ तुकडे मागून बसवणं. नमुना फार देखणा होता, उजेड बदलला की रंग बदलतो. पण सोन्याच्या पेढीवर मला सोन्याशी स्पर्धा नको होती. मासळीच्या खानावळीनं किंवा समुद्राकाठच्या होम-स्टेनं जरूर करून घ्यावा. दुसरा प्रकार सरसाचा. काच आधी सँडब्लास्ट करून खरखरीत करतात, तिच्यावर गरम सरस ओततात. सरस वाळताना इतका आकसतो की काचेचे कपचे उपटून घेऊन सुटतो, आणि मागे नेच्याच्या पानांसारखी नक्षी राहते. त्यावर वर्ख लावला की ती नक्षी सोन्यात उठते. माझ्या पाटीच्या चारही कोपऱ्यांत ही नक्षी हवी होती. मुलानं स्पष्ट सांगितलं की कोरडी हवा नसेल तर सरस ओलाच राहतो आणि काचेला ओढत नाही. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत जेवढं जमेल तेवढंच, मार्च उजाडला की तो हे काम हातात घेत नाही. मी उशिरा गेले होते. जमेल असं सांगून पैसे घेणारे पुष्कळ भेटतात, त्यानं तसं केलं नाही. आमच्या कोपऱ्यांत साधी सोन्याची दुहेरी रेघ आहे.

हे काम मुळात आपल्याकडचं नाही, याची कल्पना मला आहे. रोमन कारागीर तिसऱ्या-चौथ्या शतकात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख धरून चित्रं करत. अठराव्या शतकात पॅरिसच्या जाँ-बाप्तिस्त ग्लोमीनं तसबिरींच्या काचांना मागून सोन्याच्या पट्ट्या देऊन ते पुन्हा लोकप्रिय केलं. पुढे व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमधल्या दारूच्या गुत्त्यांच्या आरशांवर आणि अमेरिकेत बँकांच्या खिडक्यांवर ते पोचलं. पण काचेच्या मागून उलट्या क्रमानं रंगवणं आपल्याला अगदीच परकंही नाही. ती कला चिनी व्यापाराबरोबर अठराव्या शतकात हिंदुस्थानात आली, आणि तंजावरला भोसल्यांच्या राज्यात काचेमागची देवादिकांची चित्रं सोन्यासकट होऊ लागली. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही चितारी बसून गंजिफा रंगवतात, तळहाताएवढ्या गोल पत्त्यावर दशावतार काढतात. त्या गावच्या हाताला काचेवरची बारीक रेघ जड जात नाही, याचं मला नवल वाटलं नाही. अशा गावात हे काम रुजलं याचा मात्र मनापासून आनंद वाटला.

आता जे खटकलं ते.

तारीख. अक्षय्य तृतीयेआधी पाटी लावायची होती. सराफाच्या दुकानाला त्या दिवसाचं काय महत्त्व आहे हे वेगळं सांगायला नको, आणि मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाटी आली ती त्यानंतर, आंबा उतरत आला तेव्हा. मागचा रंग वाळत नव्हता हे कारण खरं होतं, मी स्वतः बोट लावून पाहिलं. पण उशीर होणार हे त्याला आधी कळलं होतं आणि फोन मी केल्यावर कळवलं, हे चुकलंच. सणाची ऑर्डर घेताना कारागिरानं पदरचे चार दिवस जास्तच धरावेत.

दुसरं, कोपरा. मागच्या सगळ्या थरांवर शेवटी व्हार्निशचा हात देतात, आणि तो रंगाच्या कडेच्या थोडा बाहेर, नुसत्या काचेवर यायला हवा. नाहीतर दमट हवा कडेतून आत शिरते आणि काही वर्षांनी सोनं मागून सुटायला लागतं. पाटी घेताना मी भिंग लावून चारही कडा पाहिल्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात व्हार्निश रंगाच्या कडेवरच थांबलं होतं. दाखवल्यावर त्यानं एक शब्द न बोलता पाटी परत ठेवून घेतली आणि सगळ्या कडांना पुन्हा हात दिला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. तुम्ही घेतलीत तर हे जरूर तपासा. भिंग नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तरी दिसतं.

तिसरं, लेखी काही नाही. माप, मजकूर, दर, सगळं तोंडी. मी वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, त्यांनी केल्याही. तुम्हीही तसंच करा.

छटेचा लाल माझ्या मते अर्धा टोन जास्त भडक आहे. आईला तोच आवडला, म्हणून तो विषय सोडते.

पैशांचं. चार फूट बाय सव्वा फूट पाटी, काच आणि टफनिंग धरून ३८ हजार. चौकट वेगळी. वर्खाच्या चार पुस्तिका लागल्या, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास सोनं. ओळखीच्या एकदोघांनी एवढ्याशा सोन्याला एवढे पैसे का म्हणून विचारलं. त्यांना मी आमच्याच भाषेत उत्तर दिलं, इथे सगळी किंमत घडणावळीची आहे. दोन माणसांचे हात, महिनाभर गुंतलेली जागा, कुणाला सहज न येणारं अक्षर. दिव्याच्या ॲक्रिलिक पाटीसाठी मला याच्या निम्म्याहून अधिक दर सांगितला गेला होता, आणि ती दोन पावसाळ्यांत भंगार झाली. दागिन्याची घडणावळ गिऱ्हाइकाकडून घेताना आम्ही संकोच करत नाही, मग पाटीची देताना का करावा?

बसवण्याबद्दल थोडं, कारण इथेच लोक चांगल्या कामाची माती करतात. चौकट सागवानाची करा आणि स्क्रू पितळेचे, लोखंडाचे मुळीच नकोत. काचेची मागची बाजू भिंतीला टेकू देऊ नका, मधे हवा खेळायला बोटभर जागा ठेवा. चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी निथळायला दोन भोकं पाडायला सुताराला सांगा. आमच्या सुतारानं ती पाडली नव्हती, पहिल्या सरीतच चौकटीत पाणी साठलं, मग पाडली. शक्यतो वळचणीखाली लावा म्हणजे पागोळ्यांचा मारा बसत नाही. पुसायची ती पुढून, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं. काच साफ करायचे स्प्रे मागच्या बाजूला चुकूनही लागू देऊ नका, खरं तर मागे हातच लावायचं काम नाही.

एक पावसाळा पाटीनं काढला आहे. पश्चिमेचा वारा थेट बाजारात शिरतो, मांडवीच्या खाडीवरून येणारं खारं पाणी शटरच्या पट्ट्यांवर पांढरं साठतं, समोरच्या दुकानाचं लोखंडी ग्रील याच काळात पुन्हा रंगवावं लागलं. पाटीचं सोनं मी परवा भिंगानं पुन्हा पाहिलं. कडांची चमक पहिल्या दिवसासारखीच आहे, कुठे भेग नाही, डाग नाही. टिकाऊपणाचा शेवटचा शब्द एका पावसाळ्यावर बोलता येत नाही, पण कडा जर नीट बंद असतील तर काचेमागचं सोनं पिढ्यान्‌पिढ्या राहतं याचे दाखले परदेशातल्या शंभर वर्षांच्या खिडक्यांवर आहेत. वर्खात तांब्या-चांदीचा अंश जेमतेम, सोनं स्वतः खाऱ्या हवेला भीक घालत नाही, आणि वरून काच.

कुणी करावी? वैद्य, वकील, जुनी कापडाची दुकानं, सराफ, खानावळी, ज्यांचं नाव पुढच्या पिढीतही तेच राहणार आहे त्या सगळ्यांनी. भाड्याच्या गाळ्यात असाल आणि दोन वर्षांनी जागा सोडायची असेल तर उगाच खर्च करू नका. मोठी पाटी परवडत नसेल तर हे बापलेक घराच्या दारावरची लहान नावाची काचही करतात, अडीच-तीन हजारांपासून. मी घरासाठी तशी एक सांगितली आहे, या वेळी कोपऱ्यात सरसाच्या नक्षीसकट आणि जानेवारीतच काच त्यांच्याकडे पोचवायच्या बोलीवर.

जूनपासून नवरात्रापर्यंत ते वर्खाचं काम घेत नाहीत, त्या दिवसांत फक्त अक्षरांचे खाके तयार करतात. दिवाळीला पाटी हवी असेल तर मेमध्येच मजकूर पक्का करून द्या, काचेचं माप ठरवा, आणि शुद्धलेखन घरातल्या दोघातिघांकडून वाचून घ्या. वर्ख बसल्यावर ऱ्हस्वाचं दीर्घ करून मिळत नाही.